वाळलेली कण्हेर

सात दहा

हौश्या उभा होता, पण त्याचे चार पाय चार तऱ्हांनी थरथरत होते. एकाच बैलाचे वाटत नव्हते.

"बाई, मागं सरा," गयाबाई म्हणाली. "पडला तं अंगावर यील तुमच्या."

मी मागे सरले. मी साखर कारखान्याची बाग बघायचे; माझी अवजारांची खोली कारखान्याच्या बैलतळाला लागूनच होती. आरडाओरडा ऐकून मी चहाचा कप तसाच ठेवून आले होते. ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामाला तिथेच उतरत. पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, कोप्यांपुढे गाड्या, गाड्यांपुढे बैल, बैलांपुढे वाढं, उसाचे हिरवे शेंडे. पौषातली सकाळ होती, धुकं अजून जमिनीवरच होतं. तीस-चाळीस माणसं गोल करून उभी होती आणि कुणी कोयता घेऊन फडाकडे निघालं नव्हतं.

हौश्याच्या जोडीचा तांब्या दोन हातांवर बांधलेला होता. त्याने मान खाली घातली होती. मागून पाण्यासारखं शेण गळत होतं.

आणि तिसरा, गाडीच्या चाकाला बांधलेला, लिंबा. गयाबाईचा दीर. बैलाच्याच कासऱ्याने त्याचे दोन्ही हात आऱ्यांना आवळले होते. त्याचा ओठ फुटला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"इख घातलं," भानुदास मुकादम म्हणाला. टोळी त्याची होती. "काल सांजच्याला वैनीसंगं भांडला. म्हन्ला, माझा बैल वायला काढून दे, न्हाईतर दोन्ही मेले तरी चालतील. समद्यांनी ऐकलं. आन् पहाटं वाढं कुनी टाकलं बैलाला? ह्यानंच."

"म्या रागानं बोललो, तात्या," लिंबा म्हणाला. "रागानं मानूस काय बी बोलतं."

"बायको आनायची घाई झालीय लेकाला," मागून कुणीतरी बोललं. "वैनीचा कोयता जड झालाय."

दोघं-तिघं हसले. गयाबाई हसली नाही, रडलीही नाही. ती हौश्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. हौश्या तिच्या माहेरचा होता. नवरा गेल्यावर बापाने वासरू दिलं होतं, तिने ते वाढवलं होतं. दीर-भावजय मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि गाडीला हौश्या तिचा, तांब्या त्याचा. बैल गेला तर हंगाम गेला, हे तळावरच्या पोराटोरांनाही कळत होतं.

मुकादमाने उसाचं एक टिपरू उचललं आणि लिंबाच्या गुडघ्यावर अलगद टेकवलं. मारलं नाही.

"बैल उभा हाय तोवर तू बी उभा हायेस," तो म्हणाला. "बैल पडला की बगू."

सात सोळा

कारखान्याचे गुरांचे डॉक्टर मगदूम स्कूटरवरून आले. कानटोपी, पायजमा, वर कोट. तोंड धुतलेलं नव्हतं.

"काय खाल्लं?"

"वाढंच," गयाबाई म्हणाली. "दुसरं काय हाय हितं?"

"सरकी, पेंड, कुणाच्या शेतातली ज्वारी?"

"न्हाई वो. वाढंच."

"वाढ्यावर चुन्याचं पाणी शिंपडता का? मी दर वर्षी ओरडून सांगतो."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"बघा! नुसत्या वाढ्यावर बैल राखलाय तीन महिने. अंगातला चुना पार उतरतो त्यानं." त्यांनी नळी कानाला लावली, हौश्याच्या डाव्या कोपराच्या मागे टेकवली, आणि बराच वेळ तशीच धरली. कपाळावर आठी आली. "ठोके चुकतायत. मधेच दोन खातोय," ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, "दुसरं काही खाल्लं नाही, नक्की? आठवून सांगा. कुणी काही बघितलंय?"

त्यांची नजर गोलावरून फिरली. माझ्यावरूनही फिरली.

त्याआधी दोनच मिनिटं मी गव्हाणीत डोकावले होते. गव्हाण म्हणजे उभं चिरलेलं पत्र्याचं पिंप. ओल्या हिरव्या वाढ्यांत एक पान वेगळं दिसलं. अरुंद, बोटाहून लांब, राखाडी पडलेलं, मधली शीर पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी ते उचललं. गव्हाणीच्या पलीकडे, हात लांबवला की लागेल एवढ्या अंतरावर, चुलीसाठी आणलेल्या काटक्यांची मोळी होती. काटक्यांना पानं जवळजवळ उरली नव्हती. बैलांच्या बाजूची तर एकही नाही.

मी पान डाव्या मुठीत घेतलं आणि मूठ पदराखाली नेली.

डॉक्टरांची नजर पुढे गेली.

"मग चुनाच," ते म्हणाले. "कॅल्शियम लावतो शिरेतून. उभा राहील तासाभरात."

इथे मी घड्याळ थांबवते

तेव्हा थांबवता आलं नाही. आता सव्वीस वर्षांनी येतं.

बैलतळ आणि कॉलनीचा रस्ता यांच्यामध्ये एक लांबलचक उघडी पट्टी होती. चेअरमनसाहेबांना तिथे बारमाही हिरवी, बारमाही फुललेली आडभिंत हवी होती. पाहुण्यांच्या गाड्या जाताना कोप्या दिसू नयेत म्हणून. मी चोवीस वर्षांची होते, कृषी पदविका झालेली, उद्यान पर्यवेक्षक, तात्पुरती. आधी जास्वंद लावली. पहिल्याच हंगामात बैलांनी ती बुडख्यापर्यंत खाल्ली. मग अकॅलिफा लावला. तोही गेला. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बाग लावता की वैरण?"

तेव्हा मी कण्हेर लावली. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांची. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या वीतभर कापल्या, खालची पानं काढली आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या बाटल्यांत पाण्यात उभ्या केल्या. अठरा-वीस दिवसांत पांढरी मुळं फुटली. तीनशेतल्या दोनशे एकाहत्तर जगल्या. कण्हेरीला लाड लागत नाहीत. मुरमात लावा, पाण्याला चार दिवस उशीर करा, बॉयलरची राख पानांवर साचू द्या, ती फुलते. दोन वर्षांत पुरुषभर उंच झाली. तिसऱ्या वर्षी गाळप सुरू करायच्या, मोळी टाकायच्या समारंभाला ती अशी फुलली होती की फोटोग्राफर साहेबांना सोडून तिच्याकडे वळला.

त्याच दिवशी भानुदास मुकादमाने विचारलं होतं, "बाई, आमच्या बैलांनी हे बी खाल्लं तं?"

मी एक फांदी मोडली आणि समोरच्या बैलाच्या तोंडाशी धरली. तो हौश्याच होता. त्याने हुंगलं, नाकातून फुर्र केलं आणि मान फिरवली. सगळे हसले.

"बैलाला कळतं, भानुदासराव," मी म्हणाले. "तुम्हाला नाही कळलं तरी त्याला कळतं."

हे वाक्य तळावर चाललं. कुणी पोरगं काही घाणेरडं तोंडात घालायला लागलं की बायका म्हणत, अरे बैलाला कळतं, तुला कळंना व्हय.

मी त्यांना निम्मंच सांगितलं होतं. कण्हेर कडू लागते ती हिरवी असेपर्यंत. कापून तीन-चार दिवस उन्हात पडली की कडूपणा उतरतो. विष उतरत नाही. म्हणून छाटणी केली की त्याच दिवशी सगळं खड्ड्यात पुरायचं, वर माती लोटायची. जाळायचंसुद्धा नाही, धूरही वाईट. हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्याखाली दोन रेघा होत्या.

कण्हेरीला फुलं नव्या फुटीवर येतात. फाल्गुनात साहेबांच्या घरी लग्न होतं, तोवर नवा बहर हवा होता. म्हणून त्या आठवड्याच्या सोमवारी मी छाटणी काढली. खड्डा निम्मा खणला होता तेवढ्यात खणणारे दोघं मंडपाच्या कामाला ओढून नेले. ढीग कुंपणाशी राहिला. मंगळवारी राहिला. बुधवारी राहिला.

गुरुवारी गयाबाई कुंपणापाशी आली. "बाई, ह्या काड्या पडल्यात. चुलीला नेऊ का?"

मी हातात नकाशा घेऊन लग्नाच्या कुंड्या मोजत होते. वर बघितलंही नाही.

"न्या, न्या," मी म्हणाले. "तेवढाच पसारा कमी."

शनिवारी सकाळी मी गव्हाणीपाशी उभी होते. घड्याळ पुढे चालू करते.

सात तेवीस

डॉक्टरांनी हौश्याच्या गळ्याला दोरी आवळली, शीर फुगली, सुई आत गेली. बाटली उलटी केली. गाडीच्या दांडीला अडकवायला गेले तर दांडी आखूड पडली.

"शेटेबाई, रिकाम्या आहात ना? बाटली धरा जरा. उंच. अजून उंच."

मी उजवा हात वर केला. डावा पदराखाली होता.

बाटलीत एकेक बुडबुडा वर चढत होता. बुडबुडा वर, औषध खाली. गयाबाई माझ्या इतकी जवळ होती की तिच्या अंगाला येणारा चुलीच्या धुराचा वास मला येत होता. कुठल्या काटक्यांचा, ते मला कळत होतं.

"बाई, बाटली खाली येतीय," ती म्हणाली. "दमलात का? म्या धरते."

"नको."

"तुमी कशाला घाबरता? डाक्टर हायेत."

मी काय म्हणू शकले असते

डॉक्टर, हे पान बघा.

एवढंच. चार शब्द.

किंवा, गयाबाई, त्या काड्या तुम्ही चुलीत घातल्या का?

किंवा, मुकादम, त्या माणसाला सोडा.

किंवा काहीच न म्हणता नुसती मूठ उघडायची.

मी मनात म्हणत होते की औषध तर चालू झालंय, उभा राहील, डॉक्टरांनी सांगितलंय तासाभरात. उभा राहिला की कशाला कुणाला काही सांगायचं. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. चाळीस माणसं होती, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या हातात कोयते होते आणि त्यांना कुणीतरी हवं होतं. एक माणूस त्यांच्याकडे आधीच बांधलेला होता. हाही विचार मी केला. केला नाही असं आता म्हणता येत नाही.

सात एकतीस

बाटली तळाला आली होती.

हौश्याने मान वर केली. आपल्याला कुणी हाक मारली असावी तसे कान उभे केले. मग पुढचे पाय दुमडले, आणि सगळं अंग एका बाजूला आलं. जमीन हादरली. सुई निसटली, माझ्या हातातली बाटली ओढली गेली आणि फुटली.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. नळी लावली. जागा बदलली, पुन्हा लावली. मग कानातून काढली.

"गेला?" मुकादमाने विचारलं.

डॉक्टरांनी नळी गुंडाळून कोटाच्या खिशात घातली.

गयाबाई खाली बसली. तिने हौश्याचं तोंड मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण ते उचललं गेलं नाही. मग तिने आपलीच मांडी त्याच्या तोंडाखाली सरकवली.

मागे टिपऱ्याचा पहिला आवाज आला. लिंबा ओरडला. दुसरा आवाज आला.

"वैनी!" लिंबा ओरडत होता. "वैनी, तू तरी सांग! म्या न्हाई गं!"

गयाबाईने मान वळवली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर मला दिसलं की तिला खात्री नव्हती. कालपर्यंत ज्याच्याबरोबर एका मोळीला हात लावला त्याच्याबद्दल तिला खात्री नव्हती. तिने मान पुन्हा हौश्याकडे वळवली.

तिसरा आवाज आला.

सात चौतीस

"थांबा रे!" डॉक्टर ओरडले. "मारामारी मागनं करा. हा दुसरा जाईल तोवर. अजून एक बाटली आहे." ते तांब्याकडे वळले होते. गळ्याला दोरी लावली, शीर फुगवली. "बाई, या इकडं. धरा."

त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. ती थंड होती. सुई शिरेत गेली. नळीला चिमटा होता, तो काढला की औषध सुरू.

डॉक्टरांची बोटं चिमट्यावर गेली.

"कण्हेर," मी म्हणाले.

"काय?"

"कण्हेर खाल्लीय बैलांनी."

डॉक्टरांची बोटं चिमट्यावरच थांबली. मग त्यांनी झटक्यात सुई बाहेर ओढली. शिरेतून रक्ताची चिळकांडी त्यांच्या कोटावर उडाली. अंगठ्याने शीर दाबून ते माझ्याकडे बघत राहिले. मग पडलेल्या हौश्याकडे. मग फुटलेल्या बाटलीच्या काचांकडे.

"कण्हेर असेल तर ठोका आधीच बिघडलेला असतो," ते इतक्या हळू म्हणाले की फक्त मला ऐकू आलं. "त्यावर कॅल्शियम म्हणजे..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला पुरं ऐकू आलं.

तोवर मला हे ठाऊक नव्हतं. वाळलेल्या कण्हेरीने बैल मरतो हे मला माहीत होतं. औषधाने तो आधी मरतो, आणि ते औषध मी उंच धरून उभी होते, हे मला तेव्हा कळलं.

"कशावरून म्हणता?" डॉक्टरांनी आता मोठ्याने विचारलं. टिपरू थांबलं होतं. सगळे ऐकत होते.

मी मूठ उघडली.

"कुठं होतं?"

"गव्हाणीत."

"कधी सापडलं?"

चाळीस माणसं होती. धुकं उठलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत विनंती होती. ती माझ्यासाठी होती की त्यांच्या स्वतःसाठी, मला आजही सांगता येत नाही.

"आत्ता," मी म्हणाले.

"आत्ता सापडलं," डॉक्टर सगळ्यांना म्हणाले. "ऐकलं का? बाईंना आत्ता सापडलं. पहिल्याचा काळच आला होता, त्याला काहीही दिलं असतं तरी वाचला नसता. दुसऱ्याला बघू. कुणी हलवायचं नाही त्याला. एक पाऊलसुद्धा नाही. चुलीतला कोळसा आणा, बारीक कुटा, पाण्यात कालवा. पळा!"

बायका पळाल्या. मुकादमाने टिपरू खाली टाकलं. "कन्हेर? पन कन्हेर तं बैल खात न्हाई," तो म्हणाला. "बाईंनीच दावलं व्हतं."

"वाळली की खातो," मी म्हणाले.

"ह्ये कवा सांगितलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गयाबाई उठली. ती गव्हाणीच्या पलीकडे गेली, काटक्यांची मोळी उचलली, उलटीसुलटी करून बघितली. मग ती मोळी तिने स्वतःच्या कपाळावर आपटली. एकदा. दोनदा.

"म्याच आनल्या," ती म्हणाली. "म्याच आनल्या गं बाई. म्याच ठेवल्या हितं. म्याच मारला माझा हौश्या."

बायकांनी तिला धरलं. कुणीतरी लिंबाचे हात सोडले. तो लंगडत आला आणि तिच्याजवळ बसला. तिने त्याच्या फुटलेल्या ओठाला पदर लावला. मी तिथेच उभी होते, दुसरी बाटली हातात, भरलेली. 'मीच न्या म्हणाले होते' हे माझ्या तोंडातून आलं नाही. गयाबाईनेही ते सांगितलं नाही. तिला ते आठवलं नसेल असं मी दुसऱ्या दिवसापर्यंत समजत होते.

तांब्याला पाच वेळा कोळशाचं पाणी पाजलं. दुपारी चारला त्याने रवंथ केली. तळावर कुणीतरी ओरडलं की बागेच्या बाईंनी बैल वाचवला, आणि मुकादमाने माझ्यासमोर हात जोडले.

रविवार, साडेनऊ

"बाई, कागद पायजे," गयाबाई म्हणाली.

ती ऑफिसच्या पायरीवर उभी होती. लिंबा खाली फाटकापाशी बसला होता, गुडघ्याला चिंधी बांधून. कपाळावर तिला आडवे ओरखडे होते.

"कसला कागद?"

"लिंबाचा. त्यानं इख घातलं न्हाई म्हनून. त्याची सोयरीक झालीय, चैतात लगीन हाय. पोरीचा मामा शेजारच्या टोळीत हाय. त्यानं कालच गावाकडं सांगावा धाडला, पोरगा बैलाला इख घालनारा हाय म्हनून. त्याच्या मागनं खरं सांगायला कोन जानार? कागद पायजे. कारखान्याचा शिक्का पायजे त्याच्यावर."

"बसा ना."

"बसत न्हाई. तुमी लिवा."

मी कारखान्याच्या नावाचा कागद घेतला. काय लिहू, असं तिलाच विचारलं. आज वाटतं, विचारायला नको होतं.

"लिवा, बैल गयाबाईच्या हातनं मेला. तिनं काड्या आनल्या, तिनं ठेवल्या. लिंबाला काय बी ठावं नव्हतं. माझं नाव घाला. माझ्या नावाला कोन इचारतंय? मला का आता सोयरीक करायचीय?"

ती हे इतक्या सरळ बोलली की मी सरळ लिहायला लागले. अक्षर माझं चांगलं आहे. शनिवार, सकाळी सव्वासात. गयाबाई यांनी सरपणासाठी आणलेल्या वाळलेल्या कण्हेरीच्या फांद्या नजरचुकीने गव्हाणीजवळ राहिल्या. पहिला बैल दगावल्यावर मला गव्हाणीत पान सापडले. लिंबा यांचा दोष नाही. सही, हुद्दा, तारीख. शिक्का शाईवर दाबला आणि कागदावर मारला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

मी कागद तिच्यापुढे केला.

"वाचून दावा," ती म्हणाली. "मला कुठं येतं?"

मी कागद धरला. शनिवार, सकाळी सव्वासात, असं वाचलं. ती मान हलवत होती. गयाबाई यांनी, असं वाचलं, आणि पुढच्या शब्दावर माझी नजर होती, तो शब्द मला दिसत होता, पण तो बाहेर येईना.

"वाचा की."

"गयाबाईंनी काड्या नेऊ का म्हणून विचारलं," मी म्हणाले. "बागेच्या बाईंनी न्या म्हणून सांगितलं. वाळलेली कण्हेर बैल खातो आणि मरतो, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही."

तिची मान हलायची थांबली. मी कागदावरून नजर काढली नाही. कागद मी असा धरला होता की कुणालाही वाटावं, मी वाचतेच आहे.

"पान बाईंना पहिल्या बैलाला सुई द्यायच्या आधीच सापडलं होतं. ते त्यांनी मुठीत ठेवलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, त्या बोलल्या नाहीत. जे औषध दिलं त्याने बैल लवकर मेला. बाटली बाईंनी धरली होती. लिंबाला मारत होते तेव्हाही पान त्यांच्या मुठीत होतं."

भोंगा झाला.  रस्त्यावरून सायकली गेल्या.

मला वाटलं ती ओरडेल. लिंबाला हाक मारेल. तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि पहिल्यांदाच ऑफिसच्या आत पाऊल टाकलं.

"न्या म्हनलात, ते मला ध्यानात व्हतं," ती म्हणाली. "कालच ध्यानात आलं. म्हनलं, बाईंनी आपला एक बैल वाचिवला, कशाला त्यांचं नाव घ्यायचं."

मी कागद टेबलावर ठेवला.

"सुईच्या आदी?"

"हो."

"म्या बाटली धरते म्हनले, तवा बी?"

"हो. तेव्हाही."

तिने टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ओळींवरून, सहीवरून, निळ्या शिक्क्यावरून तिचं बोट सावकाश फिरलं.

"बाई," ती म्हणाली, "आत्ता वाचलं, ते समदं ह्या कागदावर हाय?"

हो म्हणता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, लिंबालाही नाही. मुलीच्या मामाला फक्त शिक्का बघायचा होता.

"नाही," मी म्हणाले.

गयाबाईने तो कागद उचलला, चार घड्या केल्या आणि टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून समोर बसली.

"मंग दुसरा घ्या," ती म्हणाली. "आन् सावकाश लिवा. एका बैलावर गाडी जुपता येत न्हाई. मला कुठं जायची घाई न्हाई."